गवत पेरलं त्या वर्षी

आमच्या घरी उन्हाळा आला की एक खुंटा रिकामा व्हायचा. बाकीचे लोक चैत्र कॅलेंडरात पाहत असतील, आम्ही गोठ्यात पाहायचो. कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, तळाला लागलेलं, कडब्याची गंजी माणसाच्या कमरेएवढी उरलेली, धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, नुसती वाळलेली खोडं. मग एका सकाळी बाबा पांढरा सदरा घालायचे. कामाच्या दिवशी पांढरा सदरा म्हणजे गुरांचा बाजार, हे आम्हाला कोणी सांगावं लागत नसे. मी सहावीत असताना लाली गेली. आठवीत म्हातारा बैल गेला. बारावीच्या परीक्षेच्या वेळी लालीचीच कालवड गेली. त्या दिवशी माझा जीवशास्त्राचा पेपर होता आणि मी त्यात गाईच्या पोटाची आकृती काढून आले.

जनावर दाराबाहेर पडताना माय त्याच्या कपाळाला हळदकुंकू लावायची. ते दिसेनासं झालं की त्याचं दावं उचलायची, माती झटकायची, गुंडाळून भिंतीच्या खिळ्याला लावायची. एकही दावं तिनं कधी फेकलं नाही. माझं कॉलेज सुरू झालं तेव्हा तो खिळा दाव्यांनी भरला होता.

आणि गंमत अशी की हाच आमचा भाग भाद्रपदात गवतानं मरतो. धुऱ्यावर गवत, नाल्यात गवत, कपाशीच्या तासात, दोन ओळींच्या मधे गवत, शाळेच्या पायरीच्या फटीत गवत. ते मारायला माणसं पाठीवर तणनाशकाचा पंप घेऊन फिरतात. आठ दिवसांत धुरे पिवळे पडतात, जळाल्यासारखे. आणि तेच लोक चैत्रात चाऱ्यासाठी तीन गावं पालथी घालतात. लहान असताना मी बाबांना विचारलं होतं की आत्ताचं गवत उन्हाळ्यासाठी ठेवून का देत नाही. ते म्हणाले, "बाई, पावसात गवत वाळते का? वाळू घातलं का बुरशी येते. पोटात गेली तर गाय फुगते." उत्तर बरोबर होतं. पण मला ते पटलं नाही. बरोबर असणं आणि पटणं या दोन गोष्टी मी तेव्हापासूनच वेगळ्या ठेवत आले आहे.

यंदाचा पोळा होऊन आज पाचवा दिवस. सकाळी अंगणात पहिली कापणी येऊन पडली आणि कापलेल्या कोवळ्या गवताचा तो वास घरभर झाला. थोडा काकडीसारखा, थोडा पावसानं भिजलेल्या पाटीसारखा. मागच्या पडवीत रस पिळायचा चरक सुरू झाला, त्याचे घुंगरू वाजायला लागले आणि मला हातातलं काम सोडून दोन मिनिटं उभं राहावंच लागलं. दरवर्षी या दिवसांत माझं असं होतं. मन उठून सरळ त्या पहिल्या वर्षात जातं.

आधी मायबद्दल सांगते. माझी माय निंदणारी बाई. आपलं वावर झालं की दुसऱ्यांचं. तीस वर्षं तिनं गवत उपटलं. तिच्या उजव्या हाताच्या करंगळीखाली खुरप्यानं केलेला एक घट्टा आहे, दगडासारखा. गावातून चालताना दुसऱ्याच्या धुऱ्यावरचं गवत दिसलं तरी ती वाकून उपटते. आमच्याकडे माणसाची परीक्षा वावर पाहून होते. तास स्वच्छ असतील तर घर चांगलं. गवत असेल तर त्या घरात पोरगी देताना लोक दोनदा विचार करतात. अशा बाईच्या पोरीनं पदवी घेतली आणि घरी येऊन म्हणाली, नाल्याकाठच्या तुकड्यात आपण गवत लावू.

तो तुकडा एकरापेक्षा थोडा कमी. उताराचा. प्रत्येक पावसाळ्यात त्याची माती नाल्यात जायची आणि नाला चहाच्या रंगाचा व्हायचा. कपाशी तिथं गुडघ्याच्या वर कधी गेली नाही. तरी तो तुकडा कपाशीचाच, कारण आजोबांच्या वेळेपासून तो कपाशीचा.

मला ही गोष्ट सुचली कॉलेजात. वर्ध्याला बीएस्सीला होते. गावातून एसटीनं पुलगाव आणि तिथून रेल्वेनं वर्धा. शेवटच्या वर्षी सरांनी एक प्रयोग करून घेतला. लसूणघासाची पानं वाटायची, रस पिळायचा, रस तापवायचा. तापला की वर हिरवा साका येतो, दूध नासल्यावर येतो तसा. ते पानातलं प्रथिन. सर म्हणाले, गाईला गवतातलं सगळं प्रथिन लागत नाही, बरंचसं शेणामुतातून निघून जातं. कोंबडीला ते हवं असतं, पण कोंबडी गवताची काडी पचवू शकत नाही. म्हणून काही देशांत शेतकरी गवत पिळतात. चोथा गाईला, साका कोंबड्यांना, उरलेलं पाणी परत शेताला. सगळ्यांनी वहीत निरीक्षण लिहिलं. मी मात्र त्या पिळलेल्या चोथ्याकडे पाहत बसले. त्यातलं पाणी गेलं होतं. म्हणजे तो सडणार नव्हता. हवा न लागू देता डब्यात दाबून मुरवला तर तो चैत्रापर्यंत पोचणार होता. बाबांनी सांगितलेली अडचण माझ्या समोर टेबलावर सुटलेली पडली होती, आणि तिची किंमत त्या वहीत दहा मार्कांची होती.

बाबांनी माझं सगळं ऐकून घेतलं. गोठ्यात तेव्हा हौशी होती. आमच्या आर्वीकडची गवळाऊ जातीची, पांढरीशुभ्र, शिंगं आखूड, अजून न व्यालेली. तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "दिवाळीपर्यंत पाहतो. मुरवलेला चारा हातात दिसला तर ठीक. नाई जमलं तर तुकडा नांगरून चना टाकतो. अन् मग हौशीले चैत्रात बाजार. तवा तू मले अडवजो नोको."

मी म्हटलं, "नाई अडवणार."

बोलून गेले, पण त्या रात्रीपासून हौशीच्या डोळ्याला डोळा देणं मला जड जायला लागलं.

मृग लागला तशी आम्ही हत्तीगवताची ठोंबं लावली, मधल्या ओळीत चवळी टाकली. चवळीच्या पाल्यात प्रथिन जास्त. पंधरा-वीस दिवसांनी कोंब वर आले, इतके हिरवे की डोळ्यांना गार वाटावं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर दोन सऱ्या साफ. एकेक कोंब मुळासकट उपटून, धुऱ्यावर नीट ढीग करून ठेवलेला. जनावर असं खात नाही. मला कळलं. घरी आले तर माय भाकर थापत होती.

"माय, तू वावरात गेलती?"

"गेलती ना सकाळी. चवळी पाहाले. गवत लई झालं होतं वं, जरासं काढून टाकलं."

आणि मग तिचा हात परातीतच थांबला. माझ्याकडे पाहिलं. "अवो माय," ती म्हणाली, "तेच तं पेरलं होतं."

मी चिडणार होते. पण तिचा चेहरा असा झाला होता की मलाच हसू आलं, मग तिलाही. तव्यावरची भाकर करपली. बाबा बाहेरून म्हणाले, "इचा हात बांधून ठेवा लागते, नाईतर हे गवताचा निर्वंश करून टाकते." त्या दिवशी दुपारी तिनंच ते उपटलेले कोंब पुन्हा एकेक करून लावले. ओळीत बसून, खुरप्यानं. तीस वर्षांत पहिल्यांदा ती वावरात बसून गवत लावत होती. म्हणाली, "हात उलटा चालून राह्यला."

गावाला तेवढंच हवं होतं. आमच्या शेजारचे दौलतकाका, माणूस वाईट नाही, पण जीभ अशी की कोथिंबीर चिरावी. रस्त्यात भेटले की सुरू. "काऊन वं पोरी, बीएस्सी झाली म्हणते अन् गवत पेरून राह्यली? मी तं चौथी नापास, माह्या वावरात आपोआप उगवते." मी उत्तर द्यायची, "काका, आपोआप उगवते म्हणून तं तुमचं पिवळं पडते." पण घरी आल्यावर ते बोलणं टोचायचंच. मी शिकले म्हणून टोचायचं. आमच्या घराण्यात पहिली पदवी माझी. तिची फोटोकॉपी मायनं देव्हाऱ्यामागं ठेवलेली. लोकांना वाटायचं पदवी म्हणजे वावरातून बाहेर पडायचं तिकीट. ते तिकीट हातात असून मी गाडीत बसले नाही, याचाच त्यांना राग होता.

पोळा आला. आमच्याकडे तोरणाखाली बैल उभे राहतात आणि माणसं झडत्या म्हणतात, जोडलेल्या ओळी, एकमेकांची खेचायला. त्या वर्षी दौलतकाकांनी बाबांकडे पाहून आवाज लावला:

"धुऱ्यावरचं गवत नेलं वावरात,
शिकली पोरगी अन् अक्कल गेली बाजारात,
हर बोला हर हर महादेव."

सगळं गाव हसलं. बैलांच्या शिंगांवरचे गोंडेसुद्धा हलले. बाबांना झडत्या येतात, चांगल्या येतात. पण ते नुसते बैलाच्या वेसणीला हात लावून उभे राहिले. मी बायकांच्या घोळक्यातून त्यांच्या पाठीकडे पाहत होते. त्या पाठीवर मी काय ठेवलंय ते मला त्या दिवशी दिसलं.

पोळ्यानंतर कापणी. गवत कंबरेला आलं होतं. बाबांचं म्हणणं, अजून वाढू दे, जास्त भरेल. मी म्हटलं, कोवळं असतानाच रस. सेवाग्रामच्या रस्त्यावर एका रसवंतीवाल्यानं दुकान बंद केलं होतं, त्याचा जुना चरक बाबांनी बैलगाडीभर तूर देऊन आणला. त्याचे घुंगरू तसेच होते. पहिल्या दिवशी कुट्टी मशीनमधून काढलेलं गवत आम्ही चरकात घातलं, घुंगरू वाजले आणि गल्लीतली चार-पाच पोरं गिलास घेऊन दारात. हिरवा रस पाहून एकीनं विचारलं, "ऊस सडला का मावशी?"

रस निघाला. चोथाही निघाला, हलका, मोकळा. माझं अर्धं काम झालं होतं. पण साका काही जमेना. रसाचं पातेलं चुलीवर, खाली कपाशीच्या वाळल्या काड्यांची पऱ्हाटी, माय जवळ बसून सराट्यानं ढवळते, रस उकळतो, आणि फडक्यातून ओतलं की सगळा हिरवा गाळ पाण्याबरोबर खाली. फडक्यात नुसता डाग. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मी गवताला दोष दिला, चरकाला दिला, चवळी कमी पडली म्हटलं. उरलेलं पाणी दोन दिवसांत आंबायचं आणि त्याचा वास थेट दौलतकाकांच्या ओसरीवर जायचा. ते नाकाला दुपट्टा लावून बसायचे, आम्हाला दिसेल असे. पितृपक्ष संपला. बाबा एकदा नांगराचा फाळ काढून दगडावर घासताना दिसले.

मी त्यांना म्हणू शकत होते की चोथा तर आहे, मुरवू. पण नुसत्या चोथ्यावर भागणार नव्हतं. साका कोंबड्यांना गेला तरच चरकाला, मेहनतीला काही अर्थ होता. नाहीतर पुढच्या वर्षी हे करणार कोण, आणि कशासाठी?

पाचव्या की सहाव्या खेपेला माय पातेल्याशी बसली होती. तेवढ्यात दौलतकाकांचं वासरू आमच्या परसात शिरलं आणि तिच्या वांग्यांवर तुटून पडलं. ती सराटा टाकून धावली. मी चरकाशी होते. पऱ्हाटीचा जाळ भडकलेला. वासराला हाकलून, काकांना दोन शब्द सुनावून माय परत आली आणि ओरडली, "बाई, नासलं वं सारं." मी पळत गेले. पातेल्यात वर जाड, हिरवागार, फाटलेल्या दुधासारखा थर तरंगत होता, आणि खाली स्वच्छ तपकिरी पाणी.

नासलं नव्हतं. जमलं होतं.

मी चुलीसमोर बसूनच राहिले. प्रयोगशाळेत सरांनी चंचूपात्र जाळीवर ठेवलं होतं आणि हात मागे बांधून उभे होते, ते आता आठवलं. कोणी ढवळलं नव्हतं. ढवळलं की साक्याचे इतके बारीक कण होतात की फडक्यातून निसटतात. पण आमच्या घरात चुलीवरचं भांडं कोणी न ढवळता सोडतच नाही. दूध असो, आंबील असो, खवा असो. माय ढवळत होती तेव्हा मला तिला थांबवायचं सुचलंच नाही, कारण मीही तिचीच पोर. माझी सगळी पदवी त्या सराट्यापुढे गप्प बसली होती. मायला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे मी उठून गेली म्हणून जमलं?" मी मान हलवली. ती सराटा बाजूला ठेवून म्हणाली, "मंग त्या वासराले एक भाकर देऊन येजो."

तेव्हापासून नियम असा की जाळ मोठा करायचा आणि भांड्यापासून दूर बसायचं. माय हात मांडीखाली दाबून बसते. अजूनही. आज सकाळी पाहिलं, तशीच बसली होती.

साका फडक्यात बांधून दगडाखाली ठेवायचा, मग कुसकरून छपरावर चादरीवर वाळवायचा. त्या आश्विनात आमचं छप्पर हिरवं झालं होतं. वाळलेली भुकटी ज्वारीच्या भरडीत, मक्यात मिसळून कोंबड्यांना. तपकिरी पाणी ताजं असतानाच दुसऱ्या पाण्यात सोडून परत गवताला, म्हणजे वासाचं भांडणही मिटलं. चोथा थोडा गूळ शिंपडून प्लास्टिकच्या ड्रमांत. मी आणि बाबा ड्रममध्ये उतरून पायांनी तुडवायचो, हवा राहू नये म्हणून. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तुडवता तुडवता बाबा अचानक म्हणाले, "तुह्या आजीनं मले असंच कापसाच्या बोऱ्यात उतरवलं होतं. कापूस दाबाले." तेवढंच. पण नांगराचा फाळ त्यांनी परत माळ्यावर टाकला होता, ते मी पाहिलं होतं.

गावाला आमचं पटलं ते माझ्या बोलण्यानं नाही. अंड्यानं पटलं. दिवाळीच्या सुमारास काकू, म्हणजे दौलतकाकांच्या घरच्या, मायकडून दोन अंडी घेऊन गेल्या आणि तासाभरानं वाटी घेऊन परत आल्या. वाटीत फोडलेलं अंडं. बलक शेंदरी, पिकलेल्या आंब्याच्या रसासारखा.

"हे काय वं, रंग टाकते काय कोंबडीच्या पोटात?"

"गवत," माय म्हणाली. एकच शब्द, आणि वांगी चिरत राहिली. तिनं आयुष्यभर ज्याला शिवी म्हणून वापरलं तो शब्द इतक्या तोऱ्यात म्हटलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

मला विचारतात, शहरात का गेली नाहीस? सोबतच्या मुली दवाखान्यात लागल्या, डेपोत लागल्या, त्यांचं चांगलं चाललंय, मला त्याचा आनंदच आहे. पण विचारणाऱ्याच्या आवाजात एक गृहीत असतं, की वावरात राहणारी बाई म्हणजे मागे राहिलेली बाई. मी मागे राहिले नाही. मी थांबले, आणि थांबायचं ठरवून थांबले. जे शिकले ते ज्या मातीतून आले तिथंच वापरलं. यात त्याग वगैरे काही नाही. मला राग होता. रिकाम्या खुंट्याचा राग होता, पिवळ्या धुऱ्यांचा, मायच्या करंगळीखालच्या घट्ट्याचा. माझा जो काही अभ्यास झाला तो या रागावर झाला.

फाल्गुन संपता संपता पहिला ड्रम उघडला. आंबट-गोड वास, मुरलेल्या लोणच्याच्या बरणीसारखा. हौशीनं हुंगलं आणि तोंड फिरवलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही, हे त्यांचे उपकार. तिनं पुन्हा हुंगलं, जीभ लांब करून एक घास ओढला, मग टोपल्यात तोंड घातलं ते तळ दिसेपर्यंत काढलं नाही.

आणि मग चैत्रातली ती सकाळ. मी अंगण झाडत होते. बाबा खोलीतून बाहेर आले. अंगात पांढरा सदरा.

झाडू माझ्या हातातच राहिला. माय दारात येऊन उभी राहिली, तिचा हात नकळत कुंकवाच्या करंड्याकडे गेलेला. गोठ्यात चारा होता, अजून सात ड्रम भरलेले होते, तरी आमच्या दोघींच्या अंगातून ती जुनी सवय सरसरत गेली. बाबा चपला शोधत होते. मग वर पाहिलं.

"काय पाहून राह्यल्या माह्याकडे? पुलगावले जातो. चरकाचा पट्टा तुटून पडला ना दिवाळीपासून, नवा आणतो."

"मंग सदरा कायले घातला?" माय.

"का बरं? पांढरा सदरा काय फक्त गाय विकाले शिवला मी?"

माय आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात खिळ्यावरचं एक दावं होतं, लालीचं. धुवून, पिळून तिनं ते उन्हात टाकलं. हौशी तेव्हा गाभण होती. वासरासाठी दावं लागणार होतं.

त्यानंतरच्या पोळ्याला तोरणाखाली बाबांनी आपणहून आवाज लावला. त्यांच्या गळ्यात वर्षभर साठलेलं होतं, ऐकताना कळत होतं:

"पोळ्याच्या तोरणाखाली हसले होते सारे,
आता दारी येऊन म्हणतात, ठोंबं देता का रे,
हर बोला हर हर महादेव."

सगळ्यात मोठ्यानं हसले दौलतकाका, कारण ठोंबं मागायला आदल्याच आठवड्यात तेच आले होते. त्यांच्या धुऱ्यावर आता पंप फिरत नाही.

आज पडवीत घुंगरू वाजताहेत. गावातली सात घरं आपलं गवत आमच्या चरकावर पिळायला आणतात आणि चोथा घेऊन जातात. नाल्याकाठच्या तुकड्याची माती जागेवर आहे, यंदाच्या पुरातही नाला तिथं चहासारखा झाला नाही. हौशीची कालवड तिच्या शेजारी उभी असते, लालीचं दावं गळ्यात. भिंतीवरच्या खिळ्याला नवं दावं लागलेलं नाही.

चारा नाही म्हणून आमच्या गोठ्यातून त्या वर्षापासून एकही जनावर विकलं गेलेलं नाही.